डिकीतल्या पाचव्या चाकाची सहल

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीची चार चाकं साऱ्या जगाला दिसतात. मी पाचवी, डिकीच्या तळाशी फळीखाली पडलेली. कारखान्यातून निघाले तेव्हा तपासनिसाने थाप मारून म्हटलं होतं, "एकदम फर्स्ट क्लास!" कौतुक काय ते तेवढंच. पुढे बाकीची चाकं गावभर हुंदडली आणि मी अंधारात. पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही हो! खड्डा आला की वाटायचं, आता बोलावतील. कोणी बोलावलं नाही. माझ्यातली हवा हळूहळू गेली, तीही कोणी पाहिली नाही.

माझी मालकीण दूरदेशाहून आमच्याकडे नोकरीला आलेली. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून इथल्या मैत्रांनी तिचं नाव ठेवलं भिंगरी. मैत्र म्हणजे दोघंच: शेजारची नर्स, जिने तिला गाडी शिकवली, आणि खालच्या मजल्यावरचे न्हावीकाका, ज्यांनी इथली भाषा शिकवली, शिव्यांसकट.

एकदा एकटीच गाडी चालवताना भिंगरी फोनवर म्हणाली, "आई, मी कायमची येतेय गं. तू आता एकटी नाही राहायचंस. पण या दोघांना कसं सांगू? दोन महिन्यांची सुट्टी म्हणून सांगून बसलेय." 

जायच्या आदल्या दिवशी तिघं तळ्यावर सहलीला निघाली, गाडी नर्सच्या हातात. भिंगरीने सकाळीच डिकी ठासून भरली, वरून चादर टाकली आणि पुटपुटली, "आज सांगायचंच." रस्ताभर माझा जीव टांगणीला. "मला ना, एक सांगायचंय," ती म्हणायची. दोघं गप्प झाली की, "ती टेकडी बघा, कसली छान आहे!" टेकडी झाली, पूल झाला, गाई झाल्या. अगं, बोल की एकदाचं! पण स्टेपनीचं कोण ऐकतं?

तेवढ्यात मागचं चाक फुस्स झालं. नर्सने उतरून डिकी उघडली. "थांब, मी काढते!" म्हणत भिंगरी धावली, पण चादर उचलली गेली होती. माझ्यापर्यंत पोचायला एकेक वस्तू रस्त्याकडेला मांडावी लागली. मिक्सर, इस्त्री, दुलई, टेबललॅम्प, तवा.

न्हावीकाका बघतच राहिले. "दोन महिन्यांसाठी जाणारं माणूस संसार घेऊन सहलीला येतं होय गं?"

भिंगरी रडायलाच लागली. "काका, मी परत येणार नाहीये. हे सगळं, ही गाडीसुद्धा, तुम्हा दोघांनाच द्यायला आणलं. संध्याकाळी सांगणार होते."

"संध्याकाळी!" नर्स भडकली. "म्हणजे आम्ही रातोरात रडून घ्यायचं आणि सकाळी हसत टाटा करायचा? मिक्सर घेऊन काय करू मी, डोंबल?" ती पाठ फिरवून उभी राहिली.

आणि मी? इतक्या वर्षांनी उजेडात आले ती अशी पोट खपाटीला गेलेली! काकांनी दाबून पाहिलं तर सपशेल मऊ. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी एका ट्रकवाल्याला दया आली. हवा भरताना तो म्हणाला, "हिच्याकडे कधी ढुंकून तरी पाहिलंत का हो?"

मी रस्त्यावर धावले, मित्रांनो, पहिल्यांदाच! पण सुख कसलं? नर्स सारा राग ब्रेकवर काढत होती, म्हणजे माझ्यावर! तळं आलं, तरी कोणी उतरेना. स्टिअरिंगवरचे हात न काढता नर्स म्हणाली, "उद्या विमानतळावर मीच सोडणार. आणि तिथे सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडणार. लाज वाटली तर तू आपली पुढे हो."

"मी कशाला पुढे होतेय," भिंगरी म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी दोघी खरंच रडल्या, मनसोक्त. परतताना गाडी सुरू करून नर्स सवयीने शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाली, "भिंगरे, पट्टा लाव." मग बराच वेळ गाडी हललीच नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्या बहिणींना अधूनमधून बाहेर काढा, हवा पाहा. आणि जायचं ठरलं, की आपल्या माणसांना लवकर सांगा. रडायलाही वेळ लागतो.