खिडकीतली बाई

हेस्टर क्विलन म्हटलं तर कुणी ओळखायचं नाही, पण तोंड? तोंड अख्ख्या न्यूयॉर्कला पाठ! नाटकात भाडं मागणारी घरमालकीण, हेस्टर. नको तिथे नाक खुपसणारी शेजारीण, हेस्टर. नायिकेला रडायला मांडी हवी, की मांडी हेस्टरची. वर्षानुवर्षं हेच. आणि एवढ्या वर्षांत एक प्रयोग चुकवलेला नाही बरं का! दाढ सुजून गाल टम्म, तरी उभी.

त्या बुधवारी मात्र सकाळीच ती नदीपलीकडे, क्वीन्समधल्या स्टुडिओत. तेव्हा सगळेच असं करायचे, दिवसा सिनेमा, रात्री नाटक. पण बुधवारी दुपारचाही प्रयोग! आणि आमच्या नाटकात नियम म्हणजे नियम. पडदा उघडायच्या अर्धा तास आधी दारातल्या फळ्यावर सही नाही, तर तुमचे कपडे बदली नटीच्या अंगावर. बदली नटी डॉर्कस प्लम. विंगेत बसून स्वेटर विणायची, आणि हेस्टर नुसती शिंकली तरी तिच्या सुया थांबायच्या!

सिनेमात काम काय, तर खिडकीशी बसायचं. युद्धावर गेलेल्या मुलाची वाट बघायची. बोलायचं काही नाही, पण कॅमेरा थेट चेहऱ्यावर! आयुष्यात पहिल्यांदा! एरवी सिनेमात हेस्टरची पाठ दिसायची, नाहीतर हातातला ट्रे.

"फार गोड बघताय हो, हेस्टरबाई," दिग्दर्शक म्हणाला. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर! "पुन्हा घेऊ."

पुन्हा. मग दिवा उडाला. परत पुन्हा. मग पोरगं सँडविच खायला बसलं!

"अहो, माझा प्रयोग आहे!"

"मग जा की. उद्या दुसरी बाई बसवतो खिडकीत."

हेस्टर बसली. पण टॅक्सी सांगून ठेवली होती ना, आणि त्या खिडकीतून स्टुडिओचं फाटक दिसत होतं! मान आपोआप वळायची. बोटं पडद्याचे धागे उपसायला लागली. कुठेतरी हॉर्न वाजला, ती अर्धी उठली, परत बसली.

"कट! हेच! अहो, हेच! इतका वेळ कुठे लपवलं होतंत?"

ऐकायला कोण होतं? हेस्टर सिनेमाच्या शालीसकट जिना उतरत होती.

पुलावर गाड्यांची ही रांग! पोचली तर दारात बार्नी, रंगमंचाचा व्यवस्थापक, हाताची घडी घालून उभा.

"बाजूला हो, बार्नी."

"वेळ गेली, हेस्टर. तुझी नाटकातली टोपी डॉर्कसच्या डोक्यावर आहे."

"अरे, आजवर एकदा तरी चुकले का मी?"

"म्हणूनच. तुला सोडलं तर उद्या कुणाला अडवू?"

मग ती विंगेत उभी राहून आपलीच वाक्यं पुटपुटत राहिली. डॉर्कस रंगमंचावरच्या दारातून आत गेली आणि टाळी पडली. हेस्टरचीच टाळी, हेस्टरच्याच जागेवर!

काम आटोपून डॉर्कस तिच्यापाशी आली. "बरं झालं ना गं?"

"घाई केलीस. दारात जरा थांबायचं, टाळी येऊ द्यायची."

"पण आली ना!"

"आली," हेस्टर म्हणाली. "आली मेली."

सिनेमा लागला तेव्हा ती एकटीच बघायला गेली. पडद्यावर खिडकी आली, केवढा मोठा तिचा चेहरा! शेजारची बाई रुमालात हुंदके देत होती.

"पोरासाठी कसा जीव तुटतोय बिचारीचा!"

"पोर कुठलं," हेस्टर म्हणाली, "टॅक्सी."

"श्शू!"

पण हेस्टर उठलीसुद्धा. पडद्यावरची ती वाट बघत बसलेली, आणि ही लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पळतेय. संध्याकाळचा प्रयोग होता. आणि डॉर्कस हल्ली विणकाम आणतच नव्हती, नुसती सहीच्या फळ्याकडे बघत बसायची.