एक सन्माननीय सदस्य

तिसऱ्यांदा टेप मागे घेतली, तरी कोंबडा आरवलाच.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत नेहमीचेच आवाज होते. चार टंकलेखन यंत्रं, एक कुरकुरणारा पंखा. आमची खोली संसदेच्या तळघरात होती. छताला लागून एकच खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. इथे कोंबडा यायचा कुठून?

मी प्रतिवेदक होतो. सभागृहात दहा मिनिटं बसून जे बोललं जाईल ते लघुलिपीत उतरवायचं, मग खाली येऊन टेपशी ताडून टंकलिखित करायचं, एवढंच माझं काम. सहकारी मला कानसेन म्हणत. कौतुकाने की चेष्टेने, ते मला कधीच ठरवता आलं नाही.

त्या दिवशीच्या टेपवर नव्याने निवडून आलेल्या आदिवासी बाई होत्या. जंगलातून उठवलेली माणसं आता कुठे राहतात, हे सरकारने त्यांना कधी विचारलं का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न विचारून त्या गप्प झाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी घंटा वाजवली.

"बाई, आपली वेळ जाते आहे."

"जाऊ दे, अध्यक्षमहोदय. उत्तर दुरून यायचं आहे."

सभागृह हसलं. मी कंसात 'हशा' असं लिहिलं. हशा नोंदवायचा नियम आहे, शांतता नोंदवायचा नाही. कोंबडा त्या शांततेत आरवला होता. सभागृहात मी समोरच बसलो होतो, तिथे मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी भीतभीत विचारलं. तो म्हणाला, वर कोंबड्यांची झुंज रोजच चालते, तुला आज ऐकू आली होय? मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान उत्तम आहेत म्हणाले. बायकोला वाटलं, मी वाचन जरा कमी करावं.

टंकलिखित मजकूर दुसऱ्या दिवशी सदस्यांनी तपासायचा असतो. बाकीचे आपला चिटणीस पाठवत. बाई स्वतः जिना उतरून आल्या. पूर्वी त्या एकशिक्षकी शाळेत शिकवत. ओळीखाली बोट धरून वाचायची सवय गेली नव्हती. बसमध्ये शेजाऱ्याला सरकून बसा म्हणायचीही मला भीड वाटते. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी हेडफोन त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं.

"मावशीचा आहे," त्या म्हणाल्या. "वेळकाळ न बघता ओरडतो मेला. आणि मागे उखळ वाजतंय ना? ती मावशी."

त्यांची वस्ती रेल्वेने दोन दिवसांच्या वाटेवर, हे मला माहीत होतं.

"विचारलं की थांबायचं असतं, भाऊ. नाहीतर विचारायचं कशाला?" मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे लिहिता नाही का येत?"

मी म्हणालो, सदस्य बोलतील तेवढंच लिहितात.

"मागच्या बाकांवरून ओरडतात, त्यांची नावं तुम्हाला कुठे कळतात?"

"नाव कळलं नाही, तर आम्ही 'एक सन्माननीय सदस्य' असं लिहितो."

त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. "मावशीला सांगते. तिला आजवर कुणी सन्माननीय म्हटलेलं नाही."

बाई पाच वेळा निवडून आल्या. त्यांची जागा शेवटपर्यंत मागे, खांबाच्या आडच राहिली. मुलांना पहिले धडे त्यांच्या बोलीत मिळावेत, जंगलातल्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर व्हाव्यात, याच मागण्या त्या वर्षानुवर्षं मांडत राहिल्या. एकदा एका सदस्याने विचारलं, बाई, तुमची माणसं अजून झाडावरच राहतात का? त्या म्हणाल्या, नाही, झाडं तुम्ही घेऊन आलात. त्यावरही कंसात हशाच लिहिला गेला, माझ्याच हाताने.

त्यांची पाळी माझ्या दहा मिनिटांत यावी, अशी मी वाट बघू लागलो होतो. त्यांच्या प्रत्येक प्रश्नानंतर ती वस्ती थोडी थोडी ऐकू येई. उखळ, कुणा म्हाताऱ्याचा खोकला, मुलीला मारलेली हाक. मी त्या वस्तीत कधी गेलो नाही. पण मावशीच्या दाराची कडी उघडायला जड जाते, हे मला ठाऊक झालं होतं. टेप छपाईनंतर पुसून पुन्हा वापरत. म्हणून दाखवायला माझ्याकडे पुरावा असा काही नाही. असता तरी मी कुणाला दाखवला असता, असं वाटत नाही.

मग धरणाचं विधेयक आलं. चौदा वस्त्या पाण्याखाली जाणार होत्या. त्यांत बाईंचीही होती. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या वस्त्यांना कुणी विचारलेलं नाही, तेव्हा मी इथून विचारते. मग सभागृहाकडे न बघता, वर छताच्याही पलीकडे बघत असल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे का?"

त्या चाळीस सेकंद थांबल्या. माझ्या वहीत त्या चाळीस सेकंदांचं काही नाही.

खाली येऊन टेप लावली. आधी उखळ थांबलं. मग खूप माणसं, लांबून, एकदम म्हणाली, "नाही." ती थांबल्यावर एकच बाईमाणूस, कामातून मान वर करून म्हणावं तसं, सगळ्यांच्या मागून म्हणालं, "नाही."

मी टंकलिखित केलं: एक सन्माननीय सदस्य : नाही.

ती ओळ मी बहुतेक पाच मिनिटं बघत बसलो. साहेब विचारतील, कोण सदस्य, किती जणांनी ऐकलं. मी काय सांगणार होतो? खोडायच्या पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि ओळीवरून ब्रश फिरवला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. बोट पांढऱ्या पट्ट्याशी येऊन थांबलं. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला. मागच्या बाजूने अक्षरं दिसत असणारच.

"इथे काहीतरी होतं."

"चूक झाली होती," मी म्हणालो.

"कुणाची?"

त्या थांबल्या. विचारलं की त्या थांबतच. मग "बरं" म्हणाल्या आणि सही करून गेल्या.

आठ दिवसांनी मंत्र्यांनी चर्चेला उत्तर दिलं. छापील प्रत हातात उंच धरून ते म्हणाले, या संपूर्ण कामकाजात त्या वस्त्यांची एकही हरकत नोंदलेली नाही. पाळी माझीच होती. मी ते वाक्य एक शब्द न गाळता उतरवून घेतलं.

धरण झालं. त्यानंतरही बाई अकरा वर्षं बोलल्या आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबल्या. पहिल्या वर्षी कोंबडा कुठून तरी उंचावरून, छपरावर चढून बसल्यासारखा ओरडायचा. पुढे त्याचाही आवाज गेला. मग नुसतं पाणी. वाहणारं नव्हे, साठलेलं. कान पाण्याखाली गेले की ऐकू येतं ना, तसं काहीतरी दडपून बसलेलं. बाई मजकूर तपासायला येतच राहिल्या. मला भाऊ म्हणायच्या. त्या ओळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मी तर नाहीच नाही. हेडफोन मात्र त्यांनी परत कधी कानाला लावले नाहीत.

माझ्या निवृत्तीला तीन महिने होते. अधिवेशन चालू असतानाच सकाळी बातमी आली, बाई गेल्या. अध्यक्षांनी शोकप्रस्ताव वाचला. त्यांना ज्यांनी कधी ऐकून घेतलं नाही, तेही चांगलं बोलले. मग सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. मीही वही मिटून उभा होतो. कुणीतरी खाकरलं, एवढंच.

तळघरात येऊन मी हेडफोन लावले. सुरुवातीला पाणीच होतं. मी टेप चालवायच्या पेडलवरचा पाय काढणार, इतक्यात ते उतरू लागलं. भांड्यातून निथळावं तसं, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. मग उखळ. त्याच लयीत, जणू मध्ये एक दिवसही गेला नव्हता. कोंबडा ओरडला. उखळ थांबलं. जड कडी दोनदा अडखळून उघडली.

"आलीस?" त्या सगळ्यांच्या मागून बोलणाऱ्या आवाजाने विचारलं.

टेप संपली.

मी कागद लावला. सभागृह दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले, हे कंसात लिहिलं. खाली लिहिलं: एक सन्माननीय सदस्य : आलीस? पांढऱ्या रंगाची बाटली हाताशीच होती. तिचं झाकण मी घट्ट लावलं आणि कागद साहेबांकडे पाठवला. शोकप्रस्ताव कुणी नीट वाचत नाही. ती ओळ त्या वर्षीच्या छापील खंडात आहे.

मजकूर तपासायला सदस्याने दुसऱ्या दिवशी यायचं असतं. त्या दिवशी मी लवकर गेलो, माझी प्रत समोर ठेवली आणि पलीकडची खुर्ची पुसून घेतली. मग हेडफोन तिच्या बाजूला सरकवले आणि थांबलो.