खाटेवरून ऐकलेलं

नसांच्या आजारानं जयवंताचं अंग पायापासून चेहऱ्यापर्यंत लुळं पडलं होतं. बारामतीच्या दवाखान्यात ती व्हेंटिलेटरवर होती. पापणीसुद्धा हलत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. खाटेशेजारी उभा राहून नवरा, संभाजी, आपल्या भावाला म्हणाला, "हिचं काय खरं न्हाय. संस्कृतीची बारावी झाली, की उरकून टाकू लग्न."

पोरीला, संस्कृतीला, शिकायचं होतं. जयवंताला ओरडावंसं वाटलं, पण घशात नळी होती.

ती जगली. पळसदेवला घरी आली तेव्हा कोऱ्हाळ्याच्या स्थळाशी पोरीची सुपारी फुटली होती. वॉकर धरून चालता यायला लागल्यावर ती रिक्षा करून थेट पाहुण्यांच्या दारात गेली. "पोरगी शिकणार हाय. आमाला हे लग्न करायचं न्हाय," एवढंच बोलली.

संभाजी घरी कडाडला, "मला न विचारता गेलीस?"

"तुमी तरी मला कुठं विचारलं? खाटेवर पडून मी ऐकत व्हते सगळं."

त्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

पुढं संस्कृती नर्सिंग शिकायला वसतिगृहात निघाली. "आई, तुला जेवू कोण घालंल?"

"माझी मी जेवीन. तू जा."

दुपारी जयवंतानं दुधात भाकरी कुस्करली. बोटांत अजून जोर आला नव्हता, घास ठरेना, म्हणून दोन्ही मनगटांत वाटी धरून तोंडाला लावली. अर्धं दूध पदरावर सांडलं. दारातून संभाजीनं पाहिलं आणि तो तसाच शेताकडं निघून गेला. जयवंतानं वाटी पुन्हा उचलली.