केसरबाईच्या बरणीतला नमुना

मित्रांनो, मी एक जुनी, काठाचा टवका उडालेली लोणच्याची बरणी आहे. वरून तपकिरी, खालून पांढरी. आणि आधीच सांगून ठेवते, मी थापाडी आहे. माझ्यातली एक फोड खाऊन नागभीडच्या छोट्या रेल्वेगाडीचा ड्रायव्हर दुसरी मागायला खाली उतरला आणि गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिली, असं मी सांगते. मोहफुलाच्या दिवसांत एक अस्वल माझ्या वासाने अंगणात आलं आणि केसरबाईने हाकललं तेव्हा डोळे पुसत गेलं, हेही सांगते. या थापांनी कुणाचं काही बिघडलं नाही. पण एकदा मी तोंड बंद ठेवून खोटं बोलले. त्याची लाज अजून माझ्या तळाशी बसून आहे.

केसरबाईने मला तिच्या लग्नाच्या वर्षी बाजारातून डोक्यावर आणलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझ्यात कैरी मुरायची आणि अर्धं मोहटोला गाव वाटी घेऊन दारात यायचं. माझी वट होती. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

ते वर्ष शहाऐंशी. उन्हाळ्यात एक ठेकेदार ट्रक घेऊन गावात आला. लांबच्या शहराच्या गटारांचा गाळ त्यात होता. "फुकट खत हाये, धानाच्या बांधीत टाका आन् पीक पाहा," असं तो सांगत फिरला. पंचायत शहाणी होती. तिने ठरवलं की गाळाचा नमुना आधी जिल्ह्याला तपासायला जाईल, तिथून कागद येईल आणि मगच ट्रक रिकामा होईल. नमुना भरायचं काम केसरबाईचे मालक वामनराव यांच्याकडे आलं. ते पंच होते. आणि गावात घट्ट झाकणाचं भांडं एकच, मी.

वामनरावांनी मला गाळाने भरून घरी आणलं. मित्रांनो, काय सांगू! रॉकेल, कातडं आणि दवाखान्याची मोरी, सगळं एकाच घासात. केसरबाईने पदर नाकाला लावला.

"हे साहेबाच्या टेबलावर ठेवान तुमी?"

"नमुनाच हाये तो. जसा हाये तसाच जाईन."

"जाईन, पण चिठ्ठीवर नाव कोनाचं हाये? मोहटोल्याचं. साहेब झाकन उघडंन आन् म्हनंन, काय घाणेरडे लोक हायेत! मी आयुष्यात कोनाले नासकं दिलं नाई."

"मंग काय अत्तर टाकू?"

"अत्तर काऊन? आपल्या उकिरड्यात दोन वरसाचं मुरलं खत हाये ना. खत तं खतच."

वामनरावांनी डोकं खाजवलं, दाराकडे पाहिलं आणि ते बसून पाहत राहिले. केसरबाईने मला राखेने तीनदा घासलं. मग त्यांच्या गोठ्यामागचं काळंभोर शेणखत माझ्यात भरलं. झाकणावर लाख ओतली. पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटली. मी पाहुणी जावी तशी नटून गेले.

साहेबाने नीट तपासलं. त्यात त्याचा काही दोष नाही. कागद आला: उत्तम खत, शेतात टाकण्यास हरकत नाही. केसरबाई आठ दिवस हवेत चालत होती. तिच्या उकिरड्याची तारीफ सरकारी कागदावर आली होती आणि बिचारीला कुणाला सांगताही येत नव्हतं.

खालच्या बांधीची रुखमाबाई मात्र ट्रकजवळ जाऊन आली होती. एकटी बाई, दीड एकर धान, त्यावरच वर्ष. ती वामनरावांकडे आली.

"भाऊ, मले त्याचा वास बरा नाई वाटत. तुमी सोता पाह्यलं ना?"

वामनराव म्हणाले, "पाह्यलं, बाई. कागद आला हाये."

"तुमी म्हनता तं टाकते."

जिल्ह्याहून परत येऊन मी फळीवरून ऐकत होते. माझी लाख अजून पुरती खरवडलेलीही नव्हती.

पाऊस आला, धानाची रोपं लावायचा रोवणा सुरू झाला. रुखमाबाईच्या चिखलात उतरलेल्या बायांच्या पोटऱ्यांवर आठवड्यात फोड उठले. रोवलेलं धान पिवळं पडून बसलं. खालच्या बोडीत, गावच्या छोट्या तळ्यात, मासे पोट वर करून तरंगले. लोक ओरडले, तर ठेकेदार कागद फडकवायचा: "तुमच्याच पंचानं नमुना धाडला!" आणि वरच्या बांध्यांसाठी आणखी ट्रक निघाले होते.

आमच्या दारासमोरच्या चावडीपुढे गाव जमलं, फळीवरून मला दिसत होतं. रुखमाबाईच्या पायाला चिंध्या बांधलेल्या. ती कुणावर चिडली नाही. खाली पाहत म्हणाली, "कागद खोटा कसा असंन? माह्याच हातात काई खोट असंन. बीज वाईट टाकलं असंन मी."

वामनराव जमिनीवर काडीने रेघा ओढत होते. मान वर नाही. मित्रांनो, तेव्हा केसरबाई घरी आली. मला फळीवरून उचललं, काखोटीला मारलं आणि सगळ्यांच्या मधोमध आणून आदळलं. काठाचा टवका तेव्हाच उडाला.

"रुखमे, तुह्या हातात खोट नाई. या बरनीत होती. गाळ फेकून माह्या गोठ्यातलं खत मी भरलं. गावाची इज्जत राखाले गेली मी."

कुणीसं पुटपुटलं, "आन् पंच?"

"मी पाहत होतो," वामनराव म्हणाले. बस, तेवढंच.

त्याच दिवशी रुखमाबाईने स्वतःच्या बांधीतला चिखल स्वतःच्या हाताने माझ्यात भरला, सगळ्या गावासमोर. मला कुणी पुसलंही नाही. या वेळी साहेबाने झाकण उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला. ट्रक परत गेले. पण रुखमाबाईच्या दीड एकरात तीन वर्षं धान धरलं नाही. तेवढी वर्षं वामनरावांनी आपल्या बांधीतलं अर्धं धान तिच्या दारात टाकलं. तिने घेतलं, पण त्यांना पुन्हा भाऊ म्हटलं नाही.

माझ्यात त्यानंतर लोणचं कधी पडलं नाही. मी पंचायतीच्या कपाटात असते. अस्वलाची गोष्ट अजून सांगते, लोक हसतात. रुखमाबाई समोरून गेली की गप्प होते.

भांडी घासूनपुसून ठेवा, असं बाकीची भांडी तुम्हाला सांगतील, मित्रांनो. त्यांचं ऐका. माझी विनवणी उलटी आहे. माझ्यासारखीला कधी नमुना न्यायला बोलावलं, तर जे आहे तेच भरा आणि मला घासू नका. वास आला तर येऊ द्या.