खंडेनवमीचं तेल

शिंदे की छावनीत भररस्त्यात काळी अँबॅसिडर अडली होती आणि भोवती ही गर्दी! मधोमध चक्रधारी महाराज चाकाला धूप दाखवत होते. "रूह बैठी है चक्के में! पुराना मालिक है. बहू उतर गई, अब ये भी उतरेगा!" अर्धा तास मंत्र झाले, लिंबं पिळली आणि चौघांनी ढकलताच गाडी सुटली. झालं! लोकांनी जयजयकार केला.

फुटपाथवर गरिमा उभी होती. सातवा महिना, पाय सुजलेले. तिला रडू येत होतं आणि संतापही.

तिच्या सासऱ्यांनी, सदाशिवरावांनी, दसऱ्याच्या तोंडावर ही जुनी मोटार हौसेनं घेतली होती. दसरा झाला आणि ब्रेक एकदा लागले की सुटेनात. दर वेळी गाडीत गरिमाच. महाराजांनी निदान केलं, सुनेचा पायगुण! तिनं माहेरी जावं, बाळ झाल्यावरही परत येऊ नये. सदाशिवरावांनी मान डोलावली. नवरा समरजीत गप्प बसला, ते तिला जास्त लागलं.

अहो, पण गाडी बाहेर निघायची तीच मुळी तिला थाटीपुरच्या शाळेतून आणायला! मग आत दुसरं कोण असणार? गरिमा तिथे रसायनशास्त्र शिकवायची. विचार करता करता तिला खंडेनवमी आठवली. सदाशिवरावांचं घराणं फौजेतलं. तलवारी, बंदुका तेलानं पुसून पुजायच्या, हा रिवाज. त्या दिवशी सासऱ्यांनी मोटारीलाही हार घातला, बॉनेट उघडलं आणि ब्रेकच्या तेलाची डबी अर्धी रिकामी दिसली म्हणून उरलेलं बंदुकीचं तेल तिच्यात ओतलं. "आता हीसुद्धा आपलं शस्त्रच!"

घरी येताच तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीत ब्रेकचं तेल, दुसरीत बंदुकीचं. दोन्हींत गाडीच्या ब्रेकचे नवे रबरी वायसर टाकले.

माहेरी निघायचा दिवस आला. बॅग डिकीत ठेवली, समरजीत आणि सदाशिवराव सोबत निघाले आणि छावनीत त्याच जागी गाडी पुन्हा अडली. महाराज हजरच!

"उतरो, बहू!"

"नाही उतरणार. समरजीत, पाना घ्या. चाकामागे ब्रेकचा छोटा नट आहे ना, तो जरा ढिला करा."

समरजीतनं नट सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली, थेट महाराजांच्या धोतरावर. "आता ढकला." गरिमा आत बसलेली असतानाच गाडी सरकली.

तिनं पिशवीतून दोन वायसर काढून सासऱ्यांच्या हातावर ठेवले. "आबासाहेब, हा जसाच्या तसा. आणि हा बंदुकीच्या तेलातला, बघा कसा फुगलाय. ब्रेकमधलं रबर असंच फुगलं, तेलाची परतीची वाट बुजली. गाडी तापली की ब्रेक जखडतात, अर्ध्या तासात निवली की सुटतात. तेवढाच वेळ यांचे मंत्र चालतात!"

"ये तो नास्तिक..." म्हणत महाराज गर्दीतून सटकले.

सदाशिवरावांचा चेहरा पडला. "चुकलं आमचं, सूनबाई. समर, बॅग काढ, आपण रिक्षानं घरी जाऊ."

गरिमा उतरली नाही. "आज नट सापडला म्हणून मी निर्दोष ठरले. नसता सापडला तर? आबासाहेब, चाक अडलं तर चाक उघडून बघावं. बाईच्या पायांकडे कशाला बघायचं?"

समरजीत हातातला पाना पुसत राहिला. बॅग अजून डिकीतच होती.