रुमालाखालचा भाव

मी अर्थशास्त्राचा ग्रंथ बोलतोय. घाबरू नका, व्याख्या विचारणार नाही. बी.कॉम.च्या मुलांनी मला पुष्कळ पाठ केलं, त्याहून जास्त उशाला घेतलं, आणि परीक्षा झाली की दोरीने बांधून विकलं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं, आणि ती सांगताना माझी मान वर होत नाही.

माझा जन्म लंडनच्या एका छापखान्यात झाला. बोटीतून मुंबईला आलो, तिथून पुण्याला. पहिला मालक एका वकिलाचा मुलगा. त्या काळी आमची पानं एकमेकांना जोडलेली असत, ती चाकूने फोडावी लागत. त्याने पहिलं प्रकरण तेवढं फोडलं आणि उरलेल्या माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. पुढे मी अप्पा बळवंत चौकात एका फळीवर उन्हात पडून होतो. तिथून मला गिरधरने उचललं.

गिरधर सारंगखेड्याच्या लोटन पाटलांचा मुलगा. तापीकाठी कापूस आणि केळी पिकवणारं गुजर शेतकऱ्याचं घर. नंदुरबारला मॅट्रिक करून तो पुण्याला बी.कॉम. शिकायला आला होता. वसतिगृहात ज्या चाकूने कांदा चिरत, त्याच चाकूने त्याने माझी पानं फोडली. कांद्याचा वास माझ्यातून अजून गेलेला नाही.

बाकीची मुलं प्राध्यापकांनी सांगितलेलं उतरवून घेत आणि हमखास येणारे प्रश्न तेवढे घोकत. गिरधरचं तसं नव्हतं. माझ्यात जिथे गहू होता, तिथे समासात तो ‘कापूस’ लिही. जिथे विलायती बूट होते, तिथे ‘केळी’. नवा देश उभा राहत होता, वर्तमानपत्रांत रोज पंचवार्षिक योजनेची चर्चा असे, आणि या पोराला खरंच वाटायचं की माझी पानं नीट समजली तर आपल्याकडची गरिबी हटेल. मला तो फार आवडायचा. असा वाचणारा मला आधी भेटला नव्हता, नंतरही नाही.

माझ्यातल्या एका वाक्याखाली त्याने लाल शाईने दोनदा रेघ ओढली होती. ‘आदर्श बाजारात प्रत्येक घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला चालू भाव ठाऊक असतो.’ त्या रेघेला कारण होतं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी जत्रा भरते. तिथे भाव तोंडाने ठरत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि खाली बोटं धरून बोलतात. एक बोट म्हणजे शंभर, बोटाचं पेर दाबलं तर पन्नास. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आदल्या वर्षी अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला दिवाल्या नावाचा माणूस आपलं तट्टू घेऊन आला होता. शेजारी तसल्याच तट्टाला काय भाव मिळाला हे त्याला कळायला मार्गच नव्हता. एका दलालाने रुमालाखाली त्याची बोटं धरली आणि निम्म्याहून कमी भावात तट्टू नेलं. गिरधरने ते पाहिलं होतं. वसतिगृहात मित्रांना तो हे पुन्हा पुन्हा सांगायचा. “चोरी आहे ही,” तो म्हणायचा. “तो रुमाल जाळला पाहिजे.”

त्या वर्षी नाताळची सुटी आणि दत्तजयंती जोडून आली. गिरधर मला ट्रंकेत घालून निघाला. नंदुरबार स्टेशनवर उतरल्यावर त्याने सवयीने भटूचा टांगा शोधला. शाळेत होता तेव्हापासून त्याची ट्रंक स्टेशनवर न्यायची आणि आणायची ती भटूनेच. पण टांगा दिसला नाही. भटूचा घोडा पावसाळ्यात पोटशूळ होऊन मेला होता, आणि भटू आता स्टेशनवर लोकांची ओझी वाहत होता. त्या वेळी तो कुठेतरी सामान पोचवायला गेला होता. गिरधर हळहळला आणि दुसऱ्या वाहनाने गेला.

घरी त्याने मला स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवलं आणि तो नदीवर अंघोळीला गेला. चुलीपुढे त्याची आई तापीबाई भाकरी करत होती. लोटन पाटील चहा पीत होते. माझ्यासमोर झालेलं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं.

“घोडी भटूले देवानी शे ना, मंग तशीच दी टाका,” तापीबाई म्हणाली. “जत्रामा कसाले लई जातस?”

“आवं, तशी लेवाव नही तो. वळखत नही का त्याले? आपू जत्रामा बठसूत, रुमाल टाकसूत, भांडसूत बी. चार लोक देखतीन. मंग भटू म्हनी, पाटीलकडथून इकत लिधी.”

“अन रुमालखाले?”

“रुमालखाले काय व्हयनं ते त्याले ठावं अन माले ठावं.”

“अन माले,” तापीबाई म्हणाली, आणि दोघं हसली.

पाटलांना घरची घोडी भटूला द्यायची होती, पण ती दान म्हणून तो घेणार नाही, म्हणून जत्रेत सौद्याचा देखावा करायचा होता. मला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा. नदीवरून येऊन गिरधरने मला काखेत मारलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं. पण पुस्तकाला आपल्यात छापलेलं असतं तेवढंच बोलता येतं.

जत्रेत गिरधर एका बैलगाडीवर चढला. मला उंच धरून बोलू लागला, तेही शुद्ध पुस्तकी मराठीत. “बंधूंनो, ज्या बाजारात भाव लपवला जातो, तिथे गरीब नेहमीच नागवला जातो!”

“हाऊ कोन भाषामा बोली ऱ्हायना रे?” खालून एक जण म्हणाला.

“पुनानी शे. आठे गाडीवर चढना, तठे गाडीखाले सापडना व्हई.”

लोक हसले. गिरधर हसला नाही. तो दिवाल्याचं नाव घेऊन सांगू लागला, तेव्हा काही जण खरोखर थांबले, ऐकू लागले. डोंगरातले दोघं-तिघं पुढे सरकले. मलाही त्या क्षणी अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? माझं वाक्य इंग्रजी पानातून उठून तापीच्या वाळूत उभं राहिलं होतं.

गर्दीत अक्कलकुव्याचा घोड्यांचा व्यापारी जालमसिंग होता. त्याचा धंदाच रुमालाखालचा, त्यामुळे तो चिडला होता. पलीकडे कडुनिंबाखाली लोटन पाटील आणि भटू बसलेले होते. हातांवर पाटलांचं उपरणं होतं, आणि वर मोठ्याने भांडण चाललं होतं.

“पाचशेना खाले बात करू नको!” पाटील ओरडत होते.

“पाचशे? घोडी शे का हत्ती शे, पाटील?”

“हत्ती लई जाय मंग! जुपजो टांगाले!”

भटू खदखदून हसत होता. पावसाळ्यानंतर तो असा पहिल्यांदाच हसत असावा.

जालमसिंगने बोट दाखवलं. “ए पुनावाला, दुसरासले कसाले शिकाडस? तो देख तुन्हा बाप. मी घोडीले चारशे बोलनू, तोंडवर, बठ्ठासना समोर. तरी तो रुमाल टाकीसन बठेल शे. उचल ना त्यान्हा रुमाल! का बापना रुमाल येगळा ऱ्हास?”

 सगळ्यांची तोंडं गिरधरकडे वळली.

त्याच्या जागी खोटा माणूस असता तर हसून निघून गेला असता. गिरधर खरा होता. सुरुवात आपल्या घरापासून करावी, असं त्याला मनापासून वाटलं. तो गाडीवरून उतरला, सरळ कडुनिंबाखाली गेला, आणि “आबा, माफ करा,” म्हणत त्याने उपरणं ओढून काढलं.

लोटन पाटलांच्या मुठीत भटूची दोन बोटं होती.

गिरधरला ही खूण लहानपणापासून येत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, “दोनशे?”

त्याने ते मोठ्याने म्हटलं. माझ्या वाक्यात सांगितलं होतं तसं, प्रत्येकाला ऐकू जाईल असं.

 मग मागून कोणीतरी खिदळलं. “चारशे सोडीसन दोनशे! पाटीलनी दान काढं रे!”

“भटू, झोळी आन ना रे!”

भटूचा हात अजून पाटलांच्या मुठीत होता. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि धोतराला पुसला. काही लागलेलं नसताना पुसला.

“पाटील,” तो म्हणाला, “माले घोडी नको.”

“भटू, बठ. पोऱ्याले अक्कल नही. बठ ना भो.”

“नही. लई टाइम व्हयना. गाडी येवानी शे.” स्टेशनवरच्या गाडीला अजून खूप अवकाश होता. तो उठला आणि गर्दीतून निघून गेला. ज्यांनी टोमणे मारले, त्यांनीच त्याला वाट करून दिली.

गिरधरच्या हातात उपरणं होतं आणि काखेत मी. त्याची काख घामाने भिजली होती, माझा पुठ्ठा ओला झाला होता. त्याला अजून नीट उमगलं नव्हतं. घरी तापीबाईने सांगितलं तेव्हा उमगलं. ती रागावली नाही. सकाळी चुलीपुढे झालेलं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं आणि भाकरीचं पीठ मळू लागली.

“मी उद्या घोडी नंदुरबारले लई जास,” गिरधर म्हणाला. “त्यान्हा दारशे बांधी येस. पाय धरस त्यान्हा.”

“नको,” लोटन पाटील म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “आते कशी देशी? रुमालखाले हात दिधाबिगर तो घोडी लेवाव नही. अन आते तो कोन्हाच रुमालखाले हात देवाव नही.”

 गिरधरने मला उघडलं आणि लाल रेघेवरचं वाक्य पुन्हा वाचलं. पाटलांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यात छापलेलं नव्हतं.

सुटी संपली. नंदुरबार स्टेशनवर भटू समोरच उभा होता. गिरधर काही बोलायच्या आत त्याने ट्रंक उचलली आणि डोक्यावर घेतली. मी ट्रंकेत तळाशी होतो, कपड्यांच्या खाली, आणि मी जाड आहे. त्याच्या चुंबळीवर सगळ्यात जास्त भार माझाच पडत होता.

“भटूदादा, ठेव ना खाले. मी लई जास.”

“ऱ्हाऊ द्या, साहेब,” भटू म्हणाला. “तुम्ही चाला पुढे.”

शाळेत असल्यापासून तो गिरधरला ‘अरे गिरध्या’ म्हणायचा. भाडं सांगतानाही, कान पिळतानाही. ते ‘तुम्ही’ मी पत्र्याआडून ऐकलं. त्यात राग नव्हता. कुठल्याही प्रवाशाला म्हणतात तसं म्हटलं होतं त्याने.

परीक्षेत आदर्श बाजाराचाच प्रश्न आला. गिरधरने तो उत्तम लिहिला, अर्थशास्त्रात पहिला वर्ग मिळवला. निकालाचं कळलं तेव्हा तो खोलीचं दार लावून बसून राहिला. पेढे मित्रांनीच आणले आणि त्यांनीच खाल्ले.

पुढच्या जत्रेत पाटलांनी घोडी जालमसिंगला विकली. उपरणं खांद्यावर ठेवून, तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा भावात. माझ्या एकाही अटीचा त्यात भंग नव्हता.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला. गिरधर परत आला आणि नंदुरबारच्याच एका नव्या कॉलेजात बी.कॉम.च्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवतो. मी त्याच्या टेबलावर असतो. माझी शिवण उसवली आहे, पाठीला खाकी कागद चिकटवला आहे. डोंगराकडची, तापीकाठची मुलं समोर बसतात आणि त्याच्यासारखीच डोळे मोठे करून ऐकतात. सगळी प्रकरणं तो जीव तोडून शिकवतो. तेवढं एक प्रकरण आलं की मला मिटतो, फळ्याकडे तोंड करतो, व्याख्या लिहून देतो आणि तास संपवतो.

मुलं व्याख्या उतरवून घेतात. कोणी काही विचारत नाही.

माझं वाक्य खोटं नाही. दिवाल्याला त्याच रुमालाखाली लुबाडलं, हेही तितकंच खरं, आणि ते वाक्य मुलांना यायलाच हवं. पण ज्या उपरण्याखाली लुबाडतात, त्याच्याच खाली कोणी कोणाची लाज राखत असतं, हे माझ्यात कुठेच छापलेलं नाही. ते गिरधरला ठाऊक आहे, आणि तो लाजेपायी बोलत नाही. म्हणून तर मला बोलावं लागलं.

गिरधर, सोमवारी पुन्हा ते प्रकरण आहे. मला मिटू नकोस. फळ्याकडे वळू नकोस. वाक्य वाच, आणि मग भटूचं नाव घे, तू ते उपरणं कसं ओढलंस ते सांग. मुलं तुला हसतील, कदाचित तुझा मान थोडा कमी होईल. होऊ दे. यांच्यातलंच कोणीतरी पुढच्या दत्तजयंतीला मला काखेत मारून जत्रेला निघेल. त्याने निघण्याआधी एवढं ऐकलेलं असू दे.