गार्गीची अभ्यासिका

मुलांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. तिची खिडकी काढून टाका. भिंती हातभर जाड करा, दार पोलादाचं बसवा, तिजोरीला असतं तसं. आता आत एक गादी टाका आणि तिच्यावर स्वतः झोपून पाहा. नको वाटतं ना? गार्गीलाही नको वाटलं. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

नऊ वर्षांची गार्गी आईबाबांबरोबर सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. घरमालकाने भाडं असं काही वाढवलं, की महिनाअखेर घर सोडण्यावाचून इलाज उरला नाही. दुसरं शोधावं, तर फोनवर पहिला प्रश्न, "इंडियन?" दुसरा, "कुकिंग?" आणि आई पुढे बोलायच्या आत फोन बंद. आईला आताशा फोडणी घालतानाही चोरी केल्यासारखं वाटे.

अशात निशिकांतकाका भेटले. गणपतीत ओळख झालेले, पुंगोलला स्वतःचा फ्लॅट असलेले.

"अहो धनेशराव, आपली माणसं असताना एजंट कशाला? एक खोली तुम्हा दोघांना, आणि गार्गीला स्वतंत्र अभ्यासिका!"

रविवारी तिघं खोली बघायला गेली. अरुणाकाकूंनी तिघांना सोफ्यावर बसवलं, पोह्यांवर ओलं खोबरं पेरलं, लाडू पुढे केले, "किती वाळलीस गं," म्हणत गार्गीच्या गालावरून हात फिरवला. मग काकांनी स्वयंपाकघराशेजारचं पोलादी दार ओढून उघडलं.

युद्ध झालंच तर लपता यावं म्हणून तिथल्या नव्या इमारतींत घरोघरी अशी एक कोठी असते. एरवी लोक तिच्यात बॅगा आणि तांदूळ ठेवतात. काका माणसं ठेवत होते. भिंतींना गुलाबी रंग दिला होता, छताला चमकणाऱ्या चांदण्या चिकटवल्या होत्या. आत डांबराच्या गोळ्यांचा आणि न वाळलेल्या टॉवेलचा वास कोंडला होता. गार्गी नाक धरून आत डोकावली. गादीच्या उशाशी, भिंतीवर, डोक्याएवढा तेलकट डाग होता. त्यावर फुलपाखराचं स्टिकर लावलं होतं, पण डाग पंखांच्या बाहेर पसरला होता.

"इथे कोण झोपायचं?" तिने विचारलं.

"आधीचा भाडेकरू. गुणी पोरगा! एका शब्दाने तक्रार नाही."

"पण खिडकीच नाहीये ला, काका!" शाळेतल्या सवयीने तिच्या तोंडून सिंगापुरी 'ला' निघालाच.

"खिडकीतून काय, समोरची बिल्डिंगच दिसणार! दार किलकिलं ठेवायचं. सरकारतर्फे कुणी तपासायला आलं तर तेवढं सांगायचं, इथे माझी खेळणी असतात. जमेल ना? हुशार आहेस तू."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी बशीतल्या पोह्यांकडे पाहिलं. ज्यांचं खाल्लं त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही. बाबांच्या ओठांवर ते गुळमुळीत हसू आलं, त्यांच्या प्रत्येक नाइलाजाच्या 'हो'आधी येणारं. गार्गीला ते ओळखीचं होतं. आज तिला त्याची त्या डागाइतकीच किळस आली.

"तसं... वाईट नाहीये," बाबा म्हणाले.

"काका, तुम्ही आत बसा ना," गार्गी म्हणाली. "दार लावून. बाबांचा चहा संपेपर्यंत."

काका खो खो हसले. "मी? छे गं बाई, मला गुदमरतं आत!"

त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. काकू घाईघाईने म्हणाल्या, "अगं, लाडू खा ना, हातातच धरून बसलीस!"

दुसऱ्याच्या घरी दिलेलं खावं, टाकू नये, हे आईने गार्गीला किती वेळा शिकवलं होतं! तिने तो लाडू अख्खाच्या अख्खा बशीत परत ठेवला. बाबा काहीतरी बोलायला लागले. ती थांबली नाही. दाराबाहेर गेली, बाबांचे बूट आणि आईच्या चपला उचलल्या, काकूंच्या आरशासारख्या लख्ख फरशीवरून, देव्हाऱ्यासमोरून चालत आत आली, आणि सोफ्याजवळ येऊन आईपुढे चपला आणि बाबांच्या पायांपुढे बूट मांडले, टोकं दाराकडे करून.